पाठीशी मूल, हाती तलवार : राणी लक्ष्मीबाईंच्या तालमीची आणि आईपणाची गोष्ट

हिमायतनगर (हैदराबाद) : झाशीच्या राणीचे चित्र ओळखायला खालचे नाव वाचावे लागत नाही. उधळलेला घोडा, उगारलेली तलवार आणि पाठीला बांधलेले मूल. हिमायतनगर, नारायणगुडा, काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांतली लेकरे हेच चित्र बघत मोठी झाली. नांदेड, बिदर, आदिलाबादकडेही तेच. शाळेत वेशभूषा स्पर्धा निघाली की घरात एक तरी झाशीची राणी तयार होतेच. नऊवारी लुगडे, पुठ्ठ्याची तलवार, आणि पाठीला ओढणीने बांधलेली बाहुली.

बाहुलीला वजन नसतं, खरी अडचण तिथेच आहे. आठ-नऊ वर्षांचा खराखुरा मुलगा सोबत बांधून, अंगावर हत्यारे घेऊन, रात्रभर घोडा पळवायचा तर शरीर तसे तयार लागते. मांड्यांत पकड लागते, कंबरेत ताकद लागते, दम लागतो. हे सगळे एका रात्रीत येत नाही. त्यामागे बरीच वर्षे रोज पहाटे केलेली तालीम असते. लक्ष्मीबाईंच्या शौर्याबद्दल खूप लिहिले गेले. त्यांची तालीम आणि त्यांचे आईपण या दोन गोष्टी मात्र वेगवेगळ्या सांगितल्या जातात. प्रत्यक्षात त्या एकाच बाईच्या आयुष्यात, एकमेकींना धरून चालल्या होत्या.

महाराष्ट्रात कधीच न राहिलेली मराठी मुलगी

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका, लाडाने मनू. जन्म काशीचा. जन्मवर्षाबद्दल दोन मते आहेत. बहुतेक ठिकाणी १८२८ दिले जाते, तर त्यांचे मराठी चरित्र १८९४ साली लिहिणाऱ्या दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८३५ दिले आहे. सात वर्षांचा हा फरक किरकोळ वाटतो, पण तो पुढे महत्त्वाचा ठरतो.

वडील मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे भाऊ चिमाजीअप्पा यांच्या पदरी काशीला होते. चिमाजीअप्पा गेल्यावर तांबे कुटुंब कानपूरजवळच्या बिठूरला, बाजीरावांच्या आश्रयाला आले. १८१८ ला पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रजांनी बाजीरावांना वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा देऊन तिथे ठेवले होते. त्यांच्यामागून पुण्याकडची शेकडो मराठी कुटुंबे गंगेकाठी जाऊन राहिली. म्हणजे बिठूर हे त्या काळातले परमुलखातले मराठी गावच होते. बोलणे मराठी, सणवार मराठी, आणि आखाडाही मराठी.

मनू तीन-चार वर्षांची असतानाच आई भागीरथीबाई वारल्या. मुलगी वडिलांबरोबर वाड्यात वावरू लागली. घरात आई नाही, त्यामुळे स्वयंपाकघरापेक्षा तालमीशी संबंध जास्त आला. वाचणे, लिहिणे, घोड्यावर बसणे, पट्टा-तलवार चालवणे आणि मल्लखांब हे सगळे तिने तिथेच आत्मसात केले. ज्या मुलीला पुढे आई म्हणून इतके ओझे पेलायचे होते, तिला स्वतःच्या आईचा सहवास जेमतेम मिळाला.

लक्ष्मीबाई काशीत जन्मल्या, बिठूरला वाढल्या, झाशीला नांदल्या आणि ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या. आजच्या नकाशावर हे सगळे उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात येते. महाराष्ट्राच्या हद्दीत त्यांचे आयुष्य गेलेच नाही. तरी घरात बोलणे मराठी, आणि राज्यकारभारातही आजूबाजूला मराठी माणसे. राज्याच्या सीमेबाहेर राहून भाषा आणि रीत टिकवणाऱ्या मराठी माणसांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

मल्लखांबाचे नाते हैदराबादशी

मनू ज्या मल्लखांबावर वाढली त्याची कथा हैदराबादेशी जोडलेली आहे. आखाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती अशी. पेशव्यांच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान आले आणि त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. समोर कोणी उभे राहीना. तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाच्या तरुणाने मुदत मागून घेतली. तो नाशिककडे वणीच्या सप्तशृंगीला जाऊन राहिला, तिथे लाकडी खांबावर नवेनवे पेच बसवले, आणि परत येऊन त्याने अलीला चीत केले. ही दंतकथा धरली तरी, दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादांनी मल्लखांबाला पुन्हा उभारी दिली हे सर्व आखाडे मानतात. बिठूरला नानासाहेब, तात्या टोपे आणि छोटी मनू यांच्यापर्यंत ही विद्या याच परंपरेतून पोचली असे सांगितले जाते.

त्याच्याही मागे जायचे तर पुन्हा सीमाभागातच यावे लागते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या सरावासाठी खांबाचा उल्लेख आहे. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण.

मल्लखांब दिसायला कसरतीचा प्रकार, पण मुळात तो कुस्तीगिराचा सराव आहे. समोरच्या मल्लाच्या जागी खांब. सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, जमिनीवर साधारण अडीच मीटर उंच, खाली जाड आणि वर निमुळता. त्याला एरंडेल तेल लावतात. हात, मांड्या, पोटऱ्या आणि पायाचा अंगठा यांच्या पकडीवर सगळे शरीर तोलायचे. घोडेस्वाराला नेमक्या याच पकडीची गरज असते. लगाम सोडून दोन्ही हातांनी तलवार चालवायची तर घोडा मांड्यांनीच धरावा लागतो. लहानपणीची ही कमाई लक्ष्मीबाईंना शेवटच्या दिवसापर्यंत पुरली.

सासर, बंधने आणि बाळंतपण

१८४२ साली झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी लग्न झाले. नेवाळकर घराणे मूळ रत्नागिरीकडचे. गंगाधररावांचे हे दुसरे लग्न, आणि वयात अंतर मोठे. मनूची लक्ष्मीबाई झाली. गंगाधररावांना नाटकाचा, ग्रंथांचा शौक होता, पण स्वभाव कडक. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे उठावाच्या काळात झाशीत राहिले होते. त्यांच्या माझा प्रवास या पुस्तकावरून दिसते की, नवऱ्याच्या हयातीत राणीवर बरीच बंधने होती. बिठूरचे मोकळे मैदान गेले आणि वाड्याच्या भिंती आल्या.

१८५१ च्या अखेरीस राणीला मुलगा झाला. जन्मवर्ष १८३५ धरले तर तेव्हा त्या १६ वर्षांच्या होत्या, १८२८ धरले तर २३ वर्षांच्या. सात वर्षांचा फरक महत्त्वाचा ठरतो तो इथे. एका हिशेबात ती शाळकरी वयातली पोर आहे, दुसऱ्या हिशेबात पूर्ण वाढलेली बाई. झाशीत साखर वाटली गेली, हत्तीवरून मिरवणुका निघाल्या. गादीला वारस मिळाला होता, आणि इंग्रजी अमदानीत वारस असणे म्हणजे राज्य शाबूत असणे.

बाळ तीन-चार महिन्यांचे झाले आणि गेले.

त्या काळात लहान मुले दगावणे घरोघरी होते, पण म्हणून दुःख कमी होत नसते. बाळंतिणीचे अंग अजून भरून आलेले नाही, पाळणा रिकामा, आणि सगळ्या संस्थानाचे डोळे आपल्याकडे लागलेले. राजांची तब्येत या धक्क्यानंतर खालावत गेली, ती पुन्हा सावरली नाही.

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर बाईने अंगमेहनत किती करावी, हा प्रश्न आजही घरोघरी निघतो. कराटे, तायक्वांदो, कुस्ती, मल्लखांब शिकलेल्या मुली आता हैदराबादेतही आहेत आणि नांदेडातही. लग्न झाले की बहुतेकींचा सराव थांबतो आणि बाळ झाल्यावर तो कायमचाच सुटतो. याबाबत वैद्यकशास्त्राचे म्हणणे आता बरेच स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, ज्यांना डॉक्टरांनी मनाई केलेली नाही अशा गरोदर आणि बाळंत बायकांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. त्याचबरोबर पोटावर मार बसेल, पडायची भीती असेल असे प्रकार टाळायचे. म्हणजे समोरासमोरची झुंज, कुस्तीची पकड, मल्लखांबाची उंची आणि घोडेस्वारी हे त्या महिन्यांत बंद. चालणे, श्वासाचा सराव, डॉक्टरांच्या सल्ल्याने हलके पवित्रे चालू शकतात. बाळंतपणानंतर आधी ओटीपोटाचे आणि कंबरेखालचे स्नायू सावरायचे, मगच उड्या आणि झटापट. पोट कापून बाळंतपण झाले असेल तर आणखी सबुरी.

आपल्याकडची सव्वा महिन्याची रीत, शेक-शेगडी, डिंकाचे-अळिवाचे लाडू यांच्यामागेही अंग सावरायला वेळ द्यायचा हाच विचार होता. चूक झाली ती पुढे. सव्वा महिन्याची विश्रांती बघता बघता जन्माची होऊन बसली. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ती तशी झाली नाही. मात्र त्यांना तालमीत परत यायला जी वाट मिळाली ती आनंदाची नव्हती.

दत्तक मुलगा आणि सहा लाखांचा हिशेब

नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव अखेरच्या दुखण्यात पडले. २० नोव्हेंबरला नात्यातल्या वासुदेवराव नेवाळकरांचा मुलगा आनंदराव विधिपूर्वक दत्तक घेतला गेला. इंग्रज अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांच्या समक्ष हे झाले. मुलाचे नाव दामोदर ठेवले. गेलेल्या बाळाचे नावही दामोदरच होते. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, राजे वारले.

म्हणजे दोन वर्षांत लक्ष्मीबाई आई झाल्या, मूल गमावले, पुन्हा आई झाल्या आणि विधवा झाल्या.

गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक मान्य केला नाही. फेब्रुवारी १८५४ मध्ये झाशी खालसा करण्याचा निर्णय झाला आणि मार्चमध्ये तो राणीला कळवण्यात आला. त्याच सुमारास नागपूरचे भोसल्यांचे राज्यही गेले, आणि त्याच्या आधी मे १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड काढून घेतला होता. तिन्हींवर डलहौसीचीच सही.

राणीने तलवार उपसली ती बऱ्याच नंतर. आधी तीन वर्षे कागदाची लढाई झाली. अर्ज केले, दाखले दिले, बुंदेलखंडातल्याच शेजारच्या संस्थानांत दत्तक मान्य झाल्याची उदाहरणे मांडली. जॉन लँग नावाच्या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या वकिलाला आग्र्याहून बोलावून घेतले. त्या भेटीत राणी पडद्याआड होत्या आणि छोटा दामोदर वकिलाशी बोलत बाहेर होता. पोराने मध्येच पडदा बाजूला सारला आणि लँगला राणी दिसल्या. त्यांचे वर्णन त्याने पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवले. राज्याचा खटला चालू असतानाही घरात मूल होते, आणि ते मुलासारखेच वागत होते, एवढे या प्रसंगातून कळते.

हिशेब बघितला तर राणीचा राग समजतो. राणीला महिना पाच हजारांचा तनखा ठरला. पण गंगाधररावांचे ३६ हजारांचे कर्ज त्यातूनच वळते करण्याचे फर्मान निघाले. राज्य सरकारने घ्यायचे आणि राज्याचे कर्ज विधवेने फेडायचे, असा हा न्याय. खासगी खजिन्यातले सहा लाख रुपये दामोदरच्या नावाने सरकारजमा ठेवले, सज्ञान झाल्यावर देऊ म्हणून. दामोदर मुंजीच्या वयाचा झाला तेव्हा राणीने त्यातले एक लाख मागितले. त्यावर सरकारने जामीनदार मागितले. मुलाच्याच पैशातून मुलाची मुंज करायची, तर आईला चार प्रतिष्ठित माणसांची हमी आणावी लागली. तिने ती आणली आणि मुंज थाटात केली.

पहाटेची तालीम

याच काळात, राज्य गेलेले आणि मूल लहान असताना, राणीच्या दिवसाला एक शिस्त आली. गोडसे भटजींच्या लिखाणातून ती कळते. पहाटे उठून व्यायाम. त्यात मल्लखांब होता. मग घोड्यावर रपेट, भिंती-खंदकावरून घोडा उडवणे, कधी हत्तीवर बसणे. नंतर भरपूर गरम पाण्याने स्नान, पूजा, जेवण आणि दुपारी कामकाज. कधी पायजमा, बंडी, डोक्याला फेटा, कमरेला तलवार असा पुरुषी वेष, तर कधी साधे पांढरे पातळ. महालक्ष्मीच्या दर्शनाला जाताना दामोदर सोबत असे. घोड्यांची पारख असणारी जी मोजकी माणसे तेव्हा उत्तरेत होती, त्यांत राणीचे नाव घेतले जाई.

विधवेने कोपऱ्यात बसावे असा तो काळ. ब्राह्मण घरातली तरुण विधवा रोज पहाटे मल्लखांब करते, घोडा फेकते, हे गावाला रुचले असेल किंवा नसेल. राणीने लोक काय म्हणतील याचा विचार तालमीच्या आड येऊ दिला नाही. गंगाधररावांच्या काळात जी तालीम वाड्याच्या भिंतींत अडकली होती ती मोकळी झाली, आणि या वेळी ती एकटीसाठी नव्हती. गादीवरचा हक्क सांगणारे मूल घरात होते. आज ना उद्या त्याच्यासाठी उभे राहावे लागेल हे दिसत होते.

यात बायकांचाही सहभाग वाढत गेला. झाशीच्या वेढ्यात तोफांच्या मोर्चांवर बायका काम करताना, दारूगोळा वाहून नेताना दिसल्याची नोंद खुद्द इंग्रज सेनापतीच्या अहवालात आहे. मुंदर, सुंदर, काशी, झलकारीबाई ही नावे झाशीकडे आजही घेतली जातात.

वेढा, आणि वऱ्हाडच्या पैशावरचे घोडदळ

जून १८५७ मध्ये झाशीतल्या शिपायांनी उठाव केला. इंग्रज मारले गेले आणि शिपाई दिल्लीकडे निघून गेले. मागे राहिलेली झाशी राणीने सांभाळली. ओरछा आणि दतियाच्या फौजा चालून आल्या, त्या परतवल्या. नऊ-दहा महिने झाशीत राणीचा अंमल चालला.

याच वर्षी इकडे हैदराबादेतही ठिणगी पडली होती. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या पुढाकाराने जमावाने कोठीच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. हिमायतनगरपासून दोन-तीन किलोमीटरवरची ती खांबांची भव्य इमारत. पुढे तिथे मुलींचे कॉलेज झाले. तेच आता महिला विद्यापीठ असून त्याला तेलंगणाच्या शेतकरी लढ्यातल्या चाकली ऐलम्मा यांचे नाव आहे. त्याआधी जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीतले घोडदळ बिथरले होते. दोन्ही प्रकार मोडून काढण्यात आले आणि निजामाचे राज्य इंग्रजांच्या बाजूने राहिले.

त्याचा थेट परिणाम झाशीवर झाला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज झाशीपुढे आला, तेव्हा त्याच्या फौजेत हैदराबाद कंटिन्जंटचे पायदळ आणि घोडदळ होते. बोलारम, हिंगोली, अंबाजोगाई, औरंगाबाद, एलिचपूर इथे या कंटिन्जंटच्या छावण्या असत. तिचा खर्च निजामाने भागवायचा होता. तो थकला म्हणून १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेला आणि तिथल्या महसुलातून या फौजेचा पगार निघू लागला. म्हणजे वऱ्हाडातल्या मराठी कुणब्याने भरलेल्या साऱ्यावर पोसलेले घोडेस्वार झाशीच्या मराठी राणीला वेढा घालून उभे होते. इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत संपते. हिंगोली-अंबाजोगाईच्या वाचकाला ती सहज ओलांडून पुढे जाता येत नाही.

मार्चच्या चौथ्या आठवड्यात तोफांचा मारा सुरू झाला. तात्या टोपे वीस हजारांच्या आसपास फौज घेऊन मदतीला आले, पण १ एप्रिलला बेतवेच्या काठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज तटावरून शहरात शिरले. गल्लीगल्लीत कापाकापी झाली. गोडसे भटजी तेव्हा शहरातच जीव मुठीत धरून लपले होते.

शंभर मैलांची रात्र

४ एप्रिलच्या रात्री राणी थोड्या स्वारांसह किल्ल्यातून बाहेर पडल्या. दामोदर सोबत होता, पाठीशी बांधलेला. गादीचा वारस तोच, त्यामुळे तो सापडला असता तर सगळे संपले असते. आणि राणीपुरते बोलायचे तर एक मूल आधीच गेले होते.

पहाटे भांडेरला, झाशीपासून वीस-एकवीस मैलांवर, ही मंडळी थोडी थांबली. मुलाला काही खाऊ घालावे म्हणून हा थांबा घेतल्याचे मराठी चरित्रांत सांगितले आहे. तेवढ्यात मागून पाठलाग करणारे घोडदळ आले. त्यांचा म्होरक्या लेफ्टनंट डाऊकर हा हैदराबाद कंटिन्जंटच्याच घोडदळाचा अधिकारी. मराठी पुस्तकांत तो बोकर या नावाने भेटतो. झटापटीत तो जबर जखमी झाला आणि राणी निसटल्या. भांडेरहून पुढे काल्पीपर्यंतची दौड धरली तर एकूण अंतर शंभर मैलांच्या घरात जाते, आणि ते जवळपास एका दिवस-रात्रीत कापले गेले.

पाठीशी मूल बांधून घोडा पळवणे म्हणजे काय, हे ज्यांनी लेकराला कडेवर घेऊन दोन मैल चालून बघितले आहे त्यांना कळेल. मुलाचे वजन प्रत्येक टापेबरोबर मागे ओढते. तोल सांभाळायचा तो कंबर, पाठ आणि मांड्यांनी. हात तर तलवारीला आणि लगामाला लागलेले. बिठूरच्या खांबावरची पकड, झाशीच्या पहाटेची रपेट, सगळी कमाई त्या एका रात्री खर्ची पडली.

तिकडे झाशीत जे मागे राहिले त्यांचे हाल झाले. वडील मोरोपंत तांबे जखमी होऊन दतियाकडे गेले, तिथे पकडले गेले आणि झाशीत फाशी दिले गेले. ज्या बापाने बिनआईच्या पोरीला तालमीत वाढवले, त्याचा शेवट असा झाला.

विहिरीवरची भेट

मे महिन्यात कूंचला आणि मग काल्पीला पराभव झाला. ऊन असे की, ह्यू रोजला स्वतःला उन्हाचे झटके बसले आणि त्याचे कित्येक गोरे शिपाई लढाईपेक्षा उष्म्याने आडवे झाले. अशाच एका माघारीच्या वेळी गोडसे भटजींची आणि राणीची रस्त्यात एका विहिरीवर गाठ पडली. राणी पठाणी वेषात, अंगभर धूळ, तोंड सुकलेले. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले. राणीने त्यांना थांबवले. विद्वान ब्राह्मणाकडून आपले काम करून घेणे त्यांना पटेना. स्वतःच मडक्याने पाणी शेंदून त्या ओंजळीने प्यायल्या. आपल्यासारख्या विधवेला पोटापुरते तांदूळ मिळाले तरी भागले असते, पण धर्मासाठी हे सगळे अंगावर घेतले, अशा अर्थाचे काही बोलून त्या घोड्यावर बसल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर ग्वाल्हेर. १ जून १८५८ ला शिंद्यांची फौज पेशव्यांच्या बाजूला वळली आणि किल्ला हाती आला. पण तयारीऐवजी मेजवान्या आणि दानधर्म यांतच दिवस गेले. १७ जूनला कोटा की सराईजवळ इंग्रज घोडदळाशी लढताना राणी जखमी झाल्या. महाराष्ट्रात पुण्यतिथी १८ जूनला पाळतात. फुलबागेजवळ बाबा गंगादासांच्या मठात त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. मुंदरही त्याच लढाईत पडली. राणीचे वय तेव्हा २२ होते किंवा २९.

आई गेल्यानंतरचा दामोदर

चित्रात पाठीला बांधलेले मूल कायम लहानच राहते. खरा दामोदर पुढे ४८ वर्षे जगला.

राणीच्या विश्वासातल्या काही माणसांनी त्याला घेऊन रानोमाळ दिवस काढले. इंग्रजांच्या भीतीने गावे थारा देत नव्हती. पावसाळा झाडाखाली, दुखणे रानात. जवळचे दागिने विकून गुजराण चालली. दोनेक वर्षांनी, १८६० मध्ये, तो इंदूरला इंग्रज अधिकाऱ्यांसमोर हजर झाला. त्याला अल्प तनखा बांधून दिला आणि इंदूरातच राहायला लावले. झाशीच्या खजिन्यातले त्याच्या नावाचे सहा लाख रुपये सज्ञान झाल्यावर देऊ म्हणून ठेवले होते. तो सज्ञान झाला, रक्कम मिळाली नाही. अर्जविनंत्या करण्यात आयुष्य गेले. २८ मे १९०६ रोजी इंदूरला त्याचे निधन झाले. वर्षभराने, १९०७ साली, गोडसे भटजींचे पुस्तक छापून बाहेर आले, आणि झाशीच्या वाड्यातली पहाटेची ती तालीम मराठी वाचकांपर्यंत पोचली.

मल्लखांब आज पुन्हा जोमात आहे. मध्य प्रदेशाने २०१३ साली त्याला राज्याच्या खेळाचा दर्जा दिला. मुली दोरीच्या मल्लखांबावर आणि खांबावरही उतरतात. खेलो इंडिया स्पर्धेत त्याचा समावेश झाला. मल्लखांब गुरू उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. पण आखाड्यातल्या मुलींचा आकडा शाळेपर्यंत चढता राहतो, लग्नानंतर उतरतो आणि बाळंतपणानंतर जवळजवळ शून्यावर येतो, हे कुठल्याही गावच्या वस्तादाला विचारले तरी कळेल.

हिमायतनगर असो की हिंगोली, वेशभूषा स्पर्धेसाठी मुलीच्या पाठीला बाहुली बांधणारे हात बहुधा आईचेच असतात. राणीने एक मूल गेल्यावर, नवरा गेल्यावर आणि दुसरे मूल वाढवत असतानाही पहाटेचा व्यायाम केला होता, हे त्या मुलीला सांगावे. बाहुली बांधणाऱ्या आईलाही ते माहीत असलेले बरे.